बॉयलर उतरवल्यापासून: एका शंटिंग इंजिनाच्या प्रकल्प नोंदी

9 ऑक्टोबर 2021, शनिवार

आज इंजिन एकदाचं छपराखाली आलं. बारा वर्षं ते साइडिंगवर उघड्यावर उभं होतं. बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत 2009 मध्ये संपली आणि तेव्हापासून यॉर्कशरचा पाऊस त्याच्यावर पडतोय. जुनी वाफेची इंजिनं जपून चालवणाऱ्या आमच्या हेरिटेज लाइनच्या शेडमध्ये डिझेल इंजिनाने ढकलत घेताना चाकं अशी करकरली की प्लॅटफॉर्मवरचे लोक वळून बघायला लागले.

इंजिनाची ओळख आधी लिहून ठेवते. हन्स्लेट इंजिन कंपनी, लीड्स, 1944. युद्धकाळात ब्रिटिश सैन्यासाठी काढलेली ही शंटिंगची, म्हणजे डबे हलवायची-जोडायची, जात. सहा चाकं, सहाही चालक, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणारी, चाकाचा व्यास 4 फूट 3 इंच. दोन सिलिंडर आतल्या बाजूला, 18 इंच व्यासाचे आणि 26 इंच स्ट्रोकचे. पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर घोड्याच्या खोगिरासारखी बसवलेली, तिच्यात 1,200 गॅलन पाणी. वजन सुमारे 48 टन, कामाचा दाब चौरस इंचाला 170 पौंड. 1943 ते 1947 मध्ये सैन्यासाठी अशी 377 इंजिनं सहा कारखान्यांनी मिळून बांधली. युद्ध संपल्यावर बरीचशी कोळसा खाणींनी घेतली. आमचंही खाणीतच राबलं.

नोंदवहीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते आणि लिहून ठेवायची मला सवय आहे. शेडची अधिकृत वही इंग्रजीत आहे. ही दुसरी वही मराठीत, माझ्यासाठी आणि कुर्डुवाडीला बाबांना वाचून दाखवण्यासाठी. मागच्या ओव्हरहॉलची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची, वही कुणालाच सापडत नाही. कपाटं, खोकी, जुन्या सदस्यांच्या घरचे माळे, सगळं शोधून झालं. तेव्हा या बॉयलरमध्ये काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे आता लोखंड उघडूनच कळणार.

20 नोव्हेंबर 2021, शनिवार

टाकी उतरली, केबिन उतरली. प्रत्येक पाइपला पितळी बिल्ला, प्रत्येक बिल्ल्याचा फोटो. नट-बोल्ट निम्मे गंजून एकजीव झालेले. आधी तेल, मग उष्णता, मग पाना, आणि काहीच चाललं नाही तर गॅस कटर.

टाकीखालचं उष्णतारोधक वेष्टण काढण्याआधी नमुने तपासणीला पाठवले होते. जुन्या इंजिनांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. इथे ते पूर्वीच काढलेलं निघालं, मध्ये काचतंतू होते. निदान एवढं काम मागच्या लोकांनी करून ठेवलंय.

पुढच्या महिन्यात भाड्याची क्रेन येईल आणि बॉयलर चौकटीवरून उचलला जाईल. पैसे जमलेत.

15 जानेवारी 2022, शनिवार

आजचा दिवस नळ्यांचा. बाबांना फोनवर बॉयलर समजावून सांगायचा होता आणि पाच मिनिटांत समजावून झाला, कारण आमच्या घरी तांब्याचा बंब होता. बंबात मधोमध धुराची नळी असते, तिच्या बुडाशी गोवऱ्या-लाकडं जळतात आणि भोवतालचं पाणी तापतं. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा पाडलेला बंब, फक्त एका नळीऐवजी शंभराहून जास्त नळ्या. मागे तांब्याची भट्टी, तिच्यातला जाळ आणि धूर नळ्यांमधून पुढे धुराड्याच्या खोलीत जातो, आणि नळ्यांच्या बाहेरून पाणी. नळ्या जितक्या जास्त, तितकी तापणारी जागा जास्त.

बंबाच्या तळाशी पांढरा थर साचायचा आणि आई तो दिवाळीआधी चिंच लावून काढायची. इथे तोच थर नळ्यांवर आहे, काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढा जाड. क्षाराचा हा थर उष्णता अडवतो, मग त्याखालचा धातू गरजेपेक्षा जास्त तापतो आणि हळूहळू खलास होतो.

नळी काढायची म्हणजे भट्टीकडचं टोक कापायचं, आत चेपायचं आणि समोरच्या बाजूने ओढून घ्यायची. दिवसभरात आम्ही चौघांनी बावीस काढल्या. खपली फोडायला नीडल गन, म्हणजे हवेवर चालणारं सुयांचं यंत्र, वापरली. कानाला मफ लावूनही संध्याकाळी डोक्यात तोच आवाज घुमत होता. जाताना मी एक खपली खिशात टाकली. प्रयोगशाळेत बघेन कशाची आहे ते.

5 मार्च 2022, शनिवार

बॉयलर पूर्ण रिकामा झाला आणि आज मिस्त्री आत उतरले.

मिस्त्री हे माझं त्यांच्यासाठीचं नाव. वय 78, पंधराव्या वर्षी बॉयलरच्या कारखान्यात उमेदवारीला लागले आणि सगळा जन्म त्याच धंद्यात काढला. फायरबॉक्सच्या, म्हणजे भट्टीच्या, तोंडातून आत शिरायला मला वाकून, खांदे आक्रसून जावं लागतं. ते या वयातही एका हालचालीत आत जातात.

आतली तांब्याची पेटी आणि बाहेरचं पोलादी आवरण यांच्यामध्ये पाणी असतं. दोन्ही भिंती एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून त्यांना शेकडो आडव्या खिळ्यांनी बांधलेलं असतं. हे स्टे. एकेका स्टेवर साधारण टनभर ताण. मिस्त्रींनी लहान हातोडी घेतली आणि एकेका स्टेच्या डोक्यावर टिचकी मारत, ऐकत पुढे सरकू लागले. चांगला स्टे खणखणतो. आतून तुटलेला बद्द वाजतो. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारतो, तसंच अगदी. त्यांनी मलाही वाजवायला लावलं. पहिल्या तासात मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. दुपारनंतर एक बद्द वाजला, आणि त्यांनी काही बोलायच्या आत मी खडूने फुली मारली. त्यांनी मान हलवली. या शेडमध्ये यायला लागल्यापासूनचा माझा सगळ्यात चांगला क्षण तो.

एकूण 37 फुल्या. पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने चौकटीगणिक मोजली आणि आकडे पत्र्यावरच खडूने लिहिले. दोन्ही भिंती तळाशी जोडणारं कडं म्हणजे फाउंडेशन रिंग, तिच्या जरा वर डाव्या कोपऱ्यात खोबण पडली आहे. तिथला तुकडा कापून नवा जोडावा लागेल.

11 जून 2022, शनिवार

आज सगळ्यांचीच तोंडं उतरलेली. स्टेसाठी तांब्याच्या सळ्या मागवल्या, त्यांवर आटे पाडून घेतले, आणि डाव्या भिंतीच्या 11 भोकांत ते बसेचनात. जुने ड्रिल करून काढल्यावर कळलं की ही 11 भोकं आधीच मोठी केलेली आहेत. कधीतरी कुणीतरी झिजलेले आटे कापून पुढच्या मापाचे स्टे घातले होते. यात गैर काही नाही, बॉयलरच्या कामाची ती रीतच आहे. भोक झिजलं की एक माप वर जायचं. पण असं किती वेळा वर जाता येतं याला मर्यादा असते, आणि आपण कितव्या पायरीवर आहोत हे सांगणारा कागद नाही.

अकरा स्टे वाया गेले. नवं माप, नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार), नव्याने ऑर्डर. दोन महिने आणि देणगीदारांचे पैसे गेले. मागच्या लोकांनी एक ओळ लिहून ठेवली असती तर हे टळलं असतं. मला राग आला आहे आणि तो मी इथे लिहून ठेवते.

यापुढे डाव्या भिंतीचा नकाशा असेल. ओळ, रांग, माप, तारीख, कुणी बसवला. आज रात्री बसून आखायला घेते.

10 जुलै 2022, रविवार, आषाढी एकादशी

शेडमध्ये मी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा, दोघंच. स्प्रिंगची पानं घासत बसलो होतो. त्याने विचारलं, तू इथे कशी काय आलीस?

मी त्याला आप्पांबद्दल सांगितलं. आप्पा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. बार्शी लाइट रेल्वेवर फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. अडीच फुटी रुळांची ती लाइन 1897 मध्ये कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, बार्शीपर्यंत सुरू झाली. 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. आषाढीला त्या गाड्यांना श्वास घ्यायला जागा नसायची. आप्पा सांगायचे, आषाढीच्या आठवड्यात अंगावरचा सदरा उतरायचा नाही, आणि पंढरपूरच्या शेडमध्ये इंजिन पाणी घेत असताना चंद्रभागेवरून टाळांचा आवाज यायचा. विठोबाच्या पायाशी कधी जाता आलं नाही, असंही म्हणायचे. एकादशीच्या दिवशी कामावरच असायचे ना.

मग मी त्या मुलाला ही गोष्ट सांगितली, जी मला स्वतःला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हती. बार्शी लाइट ज्यांनी उभारली ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यांचं म्हणणं असं की अरुंद लाइनवर प्रत्येक धुरीवरचं वजन सारखं, पाच टन, ठेवलं तर हलक्या रुळांवरूनही मोठा माल नेता येतो. तिथली पहिली इंजिनं किटसन कंपनीची, आठ चालक चाकं आणि मागे चार. किटसनचा कारखाना लीड्सच्या हन्स्लेट भागात होता. आमचं हे इंजिन ज्या कारखान्यात झालं तोही हन्स्लेटमध्येच. आणि बार्शीच्या वाघिणी हिंदुस्थानात धाडण्याआधी कॅलथ्रॉप यांनी त्या लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या होत्या. न्यूले माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर आहे. नदीकाठी मी कितीदा फिरून आले असेन.

मुलगा हातातली कानस खाली ठेवून ऐकत होता. म्हणाला, मग तुझे आजोबा याच गावची इंजिनं चालवायचे. मी म्हटलं, पहिली इंजिनं या गावची. आप्पा कामाला लागेपर्यंत दुसऱ्या कारखान्यांचीही आली होती, आणि त्यांनी नेमकी कुठली हाकली हे मी कधी विचारलं नाही. ते गेले तेव्हा मी नववीत होते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांना आठवलं ते एवढंच: आप्पांच्या तोंडी कायम लेड प्लग असायचा. भट्टीच्या छतात शिसं भरलेला एक प्लग असतो. पाणी छताच्या खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ जाळावर येते. प्लग जळू देणं म्हणजे फायरमनची सगळ्यात मोठी नामुष्की. घरात कुणी दूध उतू घालवलं तरी आप्पा म्हणायचे, प्लग जाळला बघ.

12 नोव्हेंबर 2022, शनिवार

चाकं दुसऱ्या एका हेरिटेज लाइनवर गेली होती, तिथे चाकांचं लेथ आहे. परत आली. टायरचा आकार पूर्ववत, आता रुळावर नीट बसतील.

आज ॲक्सलबॉक्सना व्हाइट मेटल ओतलं. धुरी जिथे फिरते तिथे पितळी बेअरिंगला या मऊ धातूचं अस्तर असतं. तेल कमी पडलं तर अस्तर वितळेल पण धुरी वाचेल, अशी योजना. आधी बेअरिंग स्वच्छ करून त्याला कथिलाची कल्हई. हो, कल्हईच. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा आणि नवसागराचा धूर आणि कापसाचा बोळा बघायला आम्ही पोरं घोळका करायचो. ती चकाकी आज जशीच्या तशी दिसली. मग साचा बांधून तापवायचा आणि एका दमात ओतायचं. साच्यात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. म्हणून तापवण्यात कुणीच घाई करत नाही.

ओतल्यावर खरं काम सुरू होतं. धुरीला निळा रंग पातळ फासायचा, बेअरिंग टेकवून फिरवायचं, जिथे निळं उमटेल तिथे स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. एका बेअरिंगला माझे तीन शनिवार जातील.

18 फेब्रुवारी 2023, शनिवार

स्टे बसवायला सुरुवात. थोडं सविस्तर लिहिते, कारण हे काम येणारे लोक आता फार थोडे उरलेत.

भोक दोन्ही भिंतींमध्ये समोरासमोर असतं. आटे पाडायचा टॅप लांबलचक असतो आणि तो बाहेरच्या पत्र्यातून शिरून आतल्या तांब्यापर्यंत एकाच फेऱ्यात जायला हवा, म्हणजे दोन्ही पत्र्यांतले आटे एका सूत्रात राहतात. मध्ये टॅप काढला, किंवा दोन बाजूंनी वेगवेगळे आटे पाडले, की स्टे आत शिरताना अडतो आणि दोन्ही भिंतींना ओढ बसते. टॅप हाताने फिरवायचा, थोडा पुढे, जरा मागे, भरपूर तेल. यंत्राने हेच काम चटकन होतं, पण मिस्त्री म्हणतात पहिले दहा हाताने करा, म्हणजे तांबं कुठे धरतंय ते मनगटाला कळतं.

मग स्टे फिरवत आत घ्यायचा. दोन्ही बाजूंना ठरावीक आटे बाहेर राहतील अशी लांबी ठेवायची. शेवटी डोकं बसवायचं. बाहेरून मी जड पोलादी ठोकळा स्टेच्या टोकाला घट्ट दाबून धरते, आतून मिस्त्री हवेच्या हातोड्याने तांबं ठोकून पसरवतात. मग जागा बदलायच्या. ठोकळा जराही सैल झाला तर ठोका वाया जातो आणि तांबं उगाच कडक होतं. पहिल्या चार स्टेंना माझे हात इतके थरथरले की संध्याकाळी चहाचा कप धरवेना. सातव्यानंतर ठोकळ्यावर अंगाचं वजन टाकायचं तंत्र जमलं.

मिस्त्रींच्या डाव्या कानाला आता जवळजवळ ऐकू येत नाही, याच हातोड्यांपायी. त्यांच्या उमेदवारीत कानाला काही लावत नसत. आज दुपारी मी त्यांना विचारलं की बद्द आवाज मग कसा कळतो. त्यांनी हातोडीची मूठ माझ्या हातात दिली आणि एका तुटक्या स्टेवर मारायला सांगितलं. खरंच, हाताला कळतं. चांगला स्टे हातोडी उसळवून परत देतो. तुटका ती गिळतो.

हे मी इंग्रजी वहीतही लिहिलं, ठळक अक्षरांत.

3 जून 2023, शनिवार

चार महिने काही हललं नाही. तांब्याचा तुकडा जोडायचं वेल्डिंग प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्यावं लागतं आणि त्यांच्याकडे रांग आहे. मी टाकी आतून घासतेय.

18 नोव्हेंबर 2023, शनिवार

नव्या पोलादी नळ्या बसवतोय. नळी दोन्ही ट्यूबप्लेटच्या, म्हणजे दोन टोकांच्या पत्र्यांच्या, भोकांतून ओवायची, एक्स्पांडर आत घालून फिरवायचा, त्याचे रूळ नळीला आतून फुगवतात आणि ती भोकात घट्ट बसते. भट्टीकडचं टोक मग वळवून बोंडासारखं करायचं, नाहीतर जाळ ते खाऊन टाकतो. कमी फुगवली तर गळते, जास्त फुगवली तर तांब्याचं भोकच ताणलं जातं. किती पुरे हे सांगणारं माप नाही. हाताला अचानक जड लागतं, तिथे थांबायचं.

शेडमध्ये चर्चा कोळशाचीच. वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळची शेवटची मोठी उघडी खाण या महिनाअखेर बंद होतेय. आमच्यासारख्या बऱ्याच लाइन तिथला कोळसा जाळायच्या. आता समुद्रापलीकडून येणारा, महाग, आणि जळण्याचा स्वभाव वेगळा. खाणी बंद होऊ नयेत असं मला म्हणता येत नाही, दम्याच्या रुग्णांचे नमुने मी रोज हाताळते. पण इंजिन तयार होईल तेव्हा त्याच्या भट्टीत काय घालायचं हा प्रश्न खरा आहे. कोळशाच्या भुकटीच्या दाबलेल्या वड्या करून बघितल्या जातायत. दुसऱ्या लाइनवर त्या पाहून आले. धूर कमी, पण जाळ पातळ.

काल दिवाळीचे उरलेले अनारसे नेले होते. मिस्त्रींनी तीन खाल्ले.

24 फेब्रुवारी 2024, शनिवार

हायड्रॉलिक चाचणी. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरला, वरच्या झाकणातून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दाबली जाते, आणि काही फुटलंच तर स्फोट होतो. पाणी दाबलं जात नाही. फुटलं तर चिळकांडी उडते आणि दाब लगेच शून्यावर येतो. म्हणून आधी पाणी, वाफ नंतर. दाब कामाच्या दीडपट: 255 पौंड. हातपंपाने.

100 ला सगळं कोरडं. 150 ला दोन नळ्यांना घाम. 200 ला डाव्या भिंतीवर पाण्याची बारीक धार, रांग 3, स्टे 7. त्या अकरांपैकीच एक. मी बसवलेला. माझ्या नकाशात माझ्याच अक्षरात माझं नाव होतं.

पंप थांबवला. कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी टॉर्च धरला, बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की आट्यांत पुरेसा धातू आहे, डोकं पुन्हा ठोकलं की बंद होईल. सोमवारी पाणी काढू.

घरी आल्यावर मी ती नोंद तीनदा वाचली. टॅप करताना मध्येच चहाची वेळ झाली होती. टॅप भोकातच होता, पण अर्धा तास तसाच राहिला होता. त्याचा संबंध आहे की नाही, सांगता येणार नाही. तरी नोंदीत घातलं.

9 मार्च 2024, शनिवार

255. अर्धा तास धरला. निरीक्षकांनी आतून-बाहेरून हात फिरवून पाहिलं. कोरडं. सही झाली.

11 मे 2024, शनिवार

बॉयलर चौकटीवर बसला. क्रेनच्या साखळीला लटकताना तो फार मोठा दिसतो, बसला की लगेच इंजिनाचा होऊन जातो. टाकी पुढच्या आठवड्यात.

17 ऑगस्ट 2024, शनिवार

पंधरा वर्षांनी पहिला जाळ.

गुरुवारी संध्याकाळी भट्टीत फक्त लाकडं आणि तेलाची फडकी पेटवली, पाणी हाताला कोमट लागेपर्यंत. शुक्रवारी जरा जास्त. तांबं आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतं. घाई केली तर आपण बसवलेले सगळे सांधे एकमेकांना ओढायला लागतात. आज सकाळी सहाला कोळसा.

दहाच्या सुमारास प्रेशर गेजचा काटा खुंटीवरून हलला. त्या आधीच मला कळलं होतं, कारण शेडचा वास बदलला. गरम तेल, ओला रंग, कोळशाचा धूर आणि त्याखाली एक वास जो मला आप्पांच्या खाकी कोटातून आठवतो. तो कोट त्यांच्या मागे कितीतरी वर्षं खुंटीला होता.

मी दोन्ही गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचा, फुंकून पाहिल्या, पाणी दोन्हींत सारखं. 40 पौंडांना इंजेक्टरने, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या यंत्राने, पाणी घेतलं नाही. 60 ला घेतलं, आणि पाणी जाताना तो बारीक गाणारा आवाज आला. रांग 3, स्टे 7: कोरडा.

24 सप्टेंबर 2024, मंगळवार

वाफेवरची चाचणी. सुट्टी घेतली. निरीक्षकांसमोर भट्टी पूर्ण भरली, जाळाला ओढ देणारा ब्लोअर उघडला, दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह सुटू दिले. जाळ कितीही वाढवला तरी दाब कामाच्या दाबापेक्षा दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये. गेला नाही. 176 ला काटा उभा राहिला आणि छपरावरची कबुतरं सगळी उडून गेली.

12 ऑक्टोबर 2024, शनिवार, दसरा

आज पहिली प्रवासी गाडी. तारीख मी ठरवली नव्हती, वेळापत्रकात तीच आली.

पहाटे पाचला शेडमध्ये गेले. काल दुकानातून झेंडूची फुलं मिळाली होती, त्यांचा हार ओवून स्मोकबॉक्सच्या, म्हणजे पुढच्या धुराड्याच्या खोलीच्या, दाराच्या मुठीला बांधला. बाबा म्हणाले होते, कुर्डुवाडीच्या शेडमध्ये दसऱ्याला प्रत्येक इंजिनाला हार असायचा आणि हत्यारं मांडून पूजा व्हायची. म्हणून बफर बीमवर टॅप, एक्स्पांडर, स्क्रेपर आणि मिस्त्रींची ती छोटी हातोडी ओळीने मांडली, हळदकुंकू लावलं. त्या मुलाने, आता तो एकोणीसचा आहे, विचारलं की पानं कुठली. आपटा इथे मिळत नाही, मी म्हटलं. त्याने शेडमागून कुठल्याशा झाडाची दोन पानं आणून ठेवली.

मिस्त्री आले, हातोडीवरचं कुंकू पाहिलं आणि टोपी काढून उभे राहिले. मग विचारलं, पूजा झाल्यावर हातोडी वापरायला चालते का? म्हटलं, आज नको, उद्यापासून.

मी फायरमनच्या मदतनिसाच्या जागी होते. पाच डबे, सगळे भरलेले. चढावर ड्रायव्हरने वाफेचा रेग्युलेटर उघडला तसा धुराड्यातून असा ठोका आला की मागच्या डब्यातलं एक मूल रडायला लागलं आणि लगेच हसायला. हा कोळसा कोपऱ्यांत लवकर मरतो. फावड्याचं तोंड वळवून मागच्या दोन कोपऱ्यांत आधी टाकावा लागतो, मधे नंतर. वरच्या स्टेशनात पोचलो तेव्हा दाब 165, पाणी अर्धी काच. बाबा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना इंजिन दाखवलं, हार दाखवला. ते म्हणाले, आधी पाणी दाखव. मी गेज ग्लासवर फोन धरला. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ठीक आहे.

संध्याकाळी राख काढली, बॉयलर भरून ठेवला, आत टॉर्च मारून भट्टी पाहिली. पुढच्या वॉशआउटसाठी, म्हणजे बॉयलर रिकामा करून धुवायच्या वेळेसाठी:

रांग 3, स्टे 7, डावी भिंत: डोक्याभोवती पांढरी रेघ, केसाएवढी, ओल नाही. सध्याचं माप मूळ मापाच्या दोन पायऱ्या वर. यावर आणखी एकदाच जाता येईल. थंड असताना वाजवून पाहावा. आज खणखणीत.

लेड प्लग: शाबूत.